बंद कॉम्प्युटरचा मानपान

दौंड जंक्शनच्या आसपास बंद पडलेली कुठलीही वस्तू आमच्या व्याह्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय भंगारात जाऊ शकत नाही. ही अतिशयोक्ती आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी तिथल्या कुठल्याही भंगारवाल्याला विचारावं. हे लोक आपला हातगाडा आधी व्याह्यांच्या दारात उभा करतात, त्यांना हवं ते उचलू देतात आणि मगच पुढे सरकतात. हा शहाणपणा त्यांना अनुभवातून आलेला आहे. एकदा एक नवखा भंगारवाला दारावरून तसाच पुढे गेला आणि मागाहून व्याह्यांना कळलं की त्याच्या गाड्यावर कुणाचा तरी मॉनिटर होता. साठी उलटलेल्या या गृहस्थांनी सायकल काढली आणि त्या बापड्याला पाटसच्या अलीकडे गाठलं. मॉनिटर कॅरिअरला बांधून भर उन्हात परत आले. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, पण तो मॉनिटर अजून सुरू झालेला नाही. मी एकदा सहज चौकशी केली तेव्हा म्हणाले, "त्याला जरा येळ लागंल, गुर्जी. लई हाल झाल्यात त्याचं."

व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. त्यांची सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेली, आणि दौंडचा माणूस रेल्वेतून निवृत्त झाला तरी त्याच्यातली रेल्वे काही निवृत्त होत नाही. मी शिरूरचा, हायस्कुलात मराठी शिकवून पेन्शनीत निघालेला. माझं यंत्रांशी वैर नाही, पण फारशी ओळखही नाही. व्याह्यांना माझ्याबद्दल आदर आहे, त्यात थोडी कीवही आहे. "तुमचं सगळं पुस्तकातलं," ते म्हणतात, "बरं हाय. पुस्तकात शार्टसर्किट व्हत न्हाई."

त्यांच्या घरामागे पत्र्याची एक खोली आहे. पूर्वी तिथे म्हैस असायची. म्हैस विकल्यावर व्याह्यांनी दावणीच्या जागी टेबल टाकलं आणि त्यावर जगातले सगळे बंद कॉम्प्युटर मांडले. कॅबिनेटं, कीबोर्ड, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, पोटं उघडी पडलेले प्रिंटर, आणि भिंतीला लोणच्याच्या बरण्यांतून आकारावारी लावलेले स्क्रू. विहीणबाई या खोलीत पाऊल ठेवत नाहीत. दारातूनच चहाचा कप आत सरकवतात आणि पाहुणा असेल तर त्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणतात, "म्हस व्हती तवा निदान दूध तरी मिळायचं."

पण या विहीणबाईंना त्या घरात जो अधिकार आहे तो मी दुसऱ्या कुठल्याही बाईला मिळालेला पाहिला नाही. रेल्वेत म्हणे सिग्नलचं काही काम काढायचं असलं की आधी स्टेशन मास्तरला चिठ्ठी द्यावी लागते, की अमुक गोष्ट मी आता बंद करतो आहे. मास्तरची सही झाल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. काम उरकलं की दुसरी चिठ्ठी, की ती गोष्ट चालू झाली आहे. व्याह्यांनी हा नियम जसाच्या तसा घरी आणला आणि स्टेशन मास्तर केलं विहीणबाईंना. मिक्सर उघडायचा तर चिठ्ठी, बेल दुरुस्त करायची तर चिठ्ठी. विहीणबाई सही करण्याआधी कारण विचारतात, किती वेळ लागेल ते विचारतात आणि पुष्कळदा सही नाकारतात. एका संध्याकाळी त्यांची मालिका रंगात आली होती आणि व्याह्यांना इंटरनेटचा डबा उघडायचा होता. हातात स्क्रू-ड्रायव्हर आणि चिठ्ठी घेऊन ते जाहिराती लागेपर्यंत सोफ्याच्या कडेला उभे होते. मी म्हटलं, "अहो, उघडा की, त्यांना काय कळतंय?" तर माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना एक्स्प्रेससमोर मालगाडी सोडायला सांगितली. "सही न्हाई तवर हात न्हाई. रूल हाय," म्हणाले.

दुरुस्तीची त्यांची पद्धतही त्यांचीच. आजारी कॉम्प्युटर आला की आधी त्याला उघडायचं नाही. आधी मालकाला खुर्चीवर बसवायचं, पाणी द्यायचं आणि विचारायचं, बंद पडला त्या दिवशी घरात काय काय झालं? पाहुणे आले होते का? झाडलोट कुणी केली? टेबल हलवलं होतं का? मालक वैतागतो, पण उत्तरं देतो. व्याह्यांचं ठाम मत आहे की बिघाड यंत्रात कमी आणि जोडात जास्त असतो. वायर सैल बसलेली असते, पट्टीवर धूळ चढलेली असते, आणि माणसं उगीच यंत्राला दोष देतात. मग ते कॅबिनेट उघडतात, दाढीच्या ब्रशने आतली धूळ झटकतात, रॅमची पट्टी बाहेर काढून तिचे सोनेरी दात शाळकरी खोडरबराने घासतात. दहातले सहा कॉम्प्युटर एवढ्यावर चालू होतात, हे मला मान्य केलंच पाहिजे. उरलेले चार त्या पत्र्याच्या खोलीत राहतात. एका कॉम्प्युटरात पाल निघाली, तर तिला बाहेर काढून दार बंद करण्याऐवजी त्यांनी ती कुठून आत शिरली याचा तासभर तपास केला. शेजारच्या दुकानदाराचा कॉम्प्युटर सुरूच होत नव्हता, तर त्याचं सगळं पोट रिकामं करून, पुसून, परत भरल्यावर भिंतीवरचं बटण बंद असल्याचं लक्षात आलं. दुकानदार हसायला लागला. व्याही मात्र गंभीर होते. "बटान कुणी बंद केलं ते आधी सांगा," म्हणाले, "न्हायतर परत हेच व्हनार."

आता माझ्या कॉम्प्युटरकडे यायला हवं, कारण आमची सोयरीक त्याच्यावरूनच मोडता मोडता जमली.

मला नोकरीत असताना एक नाद लागला होता. आमच्या घोड नदीकाठच्या गावांत प्रत्येक शेताला नाव असतं. सातबाऱ्यावर नुसता गट नंबर, पण माणसं बोलतात ती नावाने. एका शेताला 'उपाशी' म्हणत, कारण कितीही पेरलं तरी ते कणगी भरू देत नसे. एकाला 'भांडणाचा माळ', एकाला 'हत्तीची टाच'. एक 'लग्नाचा तुकडा' होता, तो तीन पिढ्यांत चार लग्नांपायी विकला आणि परत घेतला गेला होता. दर रविवारी मी सायकलवर एखाद्या गावात जायचो, पारावरच्या म्हाताऱ्यांना चहा पाजायचो आणि नावं लिहून घ्यायचो. नाव, ते कसं पडलं याची एक ओळ, आणि शेवटी गाव-तालुका. नऊ वर्षं हे चाललं. सांगणारे एकेक करून जात होते आणि शेतंही जात होती. सणसवाडी-रांजणगावकडे कंपन्या आल्या, आमच्याकडे प्लॉट पडायला लागले, आणि 'उपाशी'वर आज कसलं तरी गोडाऊन आहे. म्हणून मी कॉम्प्युटर घेतला आणि दोन बोटांनी ती सगळी नावं त्यात टाइप केली. चौदाशेच्या वर होती. टाइप झाल्यावर वह्या रद्दीत घातल्या. हो, मीच घातल्या. कॉम्प्युटरमध्ये गेलं म्हणजे आता ते अमर झालं, अशी माझी समजूत होती. पुढच्याच उन्हाळ्यात एका दुपारी गेलेली लाइट आली ती असा दणका घेऊन आली की कॉम्प्युटरातून जळका वास सुटला आणि तो बंद पडला. शिरूरच्या एका दुरुस्तीवाल्याने पाहिला, मग मी त्याची डिस्क पुण्याला नेली. तिथल्या दुकानदाराने ती हातात न घेताच मान हलवली. मी आठवतील तेवढी नावं पुन्हा लिहायला बसलो. शंभर-सव्वाशे झाली आणि पुढे काही सुचेना. त्यानंतर मी त्या कॉम्प्युटरवर विणलेलं झाकण घातलं, त्यावर फुलदाणी ठेवली, आणि त्या विषयावर घरात कुणी बोलायचं नाही असं ठरवून टाकलं.

अशा वेळी मुलीच्या लग्नाची बैठक आमच्या घरी बसली. आमच्याकडून बोलायला माझे थोरले बंधू होते. बैठकीत सरळ कुणी काही बोलत नसतं आणि वाकडं बोललेलं सरळ करून समजून घेण्यात बंधूंचा हातखंडा. चहा झाला, पोहे झाले, पण नवऱ्या मुलाच्या वडिलांचं लक्ष कशातच नव्हतं. ते कोपऱ्यातल्या फुलदाणीकडे बघत होते.

"त्यो चालू हाय का?" त्यांनी विचारलं.

"नाही हो, बंद आहे. तीन वर्षं झाली," मी म्हणालो.

"बंद पडला त्या दिशी काय झालं व्हतं?"

आणि काय झालं कोण जाणे, ज्या विषयावर मी बायकोशी बोलत नव्हतो तो विषय मी त्या भरल्या बैठकीत परक्या माणसापुढे उघडा केला. लाइट, जळका वास, चौदाशे नावं, रद्दीत घातलेल्या वह्या, सगळं सांगितलं. ते मधे एकदाही बोलले नाहीत. मग बंधूंनी घसा खाकरून विचारलं, की पाव्हणं, आपली अपेक्षा काय?

"आमची येकच आपेक्षा हाय," व्याही म्हणाले. "त्यो बंद कॉम्प्युटर आमाला द्या."

पाहुणे गेल्यावर बंधूंनी मला बाजूला घेतलं. "अरे, बंद मागतोय म्हणजे चालू मागतोय. एवढंही कळत नाही का तुला? मास्तर आहेस नुसता." मला खरोखरच कळलं नव्हतं. बंधूंच्या अनुभवापुढे माझं काय चालणार? आम्ही एक नवा कोरा कॉम्प्युटर आणला, खोक्याला लाल रिबीन बांधली आणि साखरपुड्याच्या दिवशी मांडवात मानाच्या ताटांशेजारी मांडला. व्याही आले, त्यांनी खोक्याकडे पाहिलं, खोक्याच्या मागे पाहिलं आणि विचारलं, "आन् त्यो?"

बंधू हसत म्हणाले, "त्याचं काय करायचंय? हा एकदम लेटेस्ट आहे."

व्याह्यांचा चेहरा असा उतरला की मला आजही आठवलं की कसंतरी होतं. हातातला नारळ त्यांनी खाली ठेवला. "आमी हुंडा मागितला असं वाटलं व्हय तुमाला?" एवढंच म्हणाले आणि उभे राहिले. माझी मुलगी माझ्याकडे बघत होती, जावई वडिलांकडे बघत होते आणि बंधू छताकडे. मी उठलो, घर गल्लीपलीकडेच होतं, घरी गेलो, फुलदाणी बाजूला केली आणि ते धुळीने भरलेलं कॅबिनेट दोन्ही हातांवर उचलून मांडवात आणलं. व्याही पुन्हा बसले होते. मी ते त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर तीन वर्षांची धूळ पडली. त्यांनी एका बाजूने आत डोकावून पाहिलं, नाकाजवळ नेऊन वास घेतला आणि खुशीत येऊन म्हणाले, "सुपारी फोडा."

नवा कॉम्प्युटर, खोकं न फोडता, जिथून आणला तिथे परत गेला. जुना त्याच दिवशी जीपमध्ये व्याह्यांच्या मांडीवर बसून दौंडला पोहोचला, तेव्हा विहीणबाईंनी दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि कपाळ म्हणून जिथे वाटलं तिथे कुंकू लावलं. "सुनंच्या आधी ह्योच आला घरात," त्या म्हणाल्या. माझी मुलगी सांगते, तिच्या सासरी आजही मानाने ती धाकटी आहे.

बिघाड काय आहे हे व्याह्यांनी आठवड्यात शोधलं. डिस्कच्या आतलं सगळं ठीक होतं, फक्त तिच्या पोटाखाली जी हिरवी पाटी असते ती जळली होती. तशीच, त्याच नंबरची पाटी दुसऱ्या डिस्कची मिळाली तर काम होणार होतं. पण ती डिस्क आता कुणी बनवत नव्हतं. तेव्हापासून आमचे व्याही जिथे जातील तिथे जुना कॉम्प्युटर शोधू लागले. लग्न असो, बारसं असो, दहावा असो, घरमालकाला हळूच विचारायचं, माळ्यावर काही आहे का? दौंड, केडगाव, कुरकुंभ, यवत, सगळी माळे-अडगळी पालथी झाली. मी दर सणाला दौंडला जायचो आणि ते म्हणायचे, "व्हईल." मी आशा सोडली होती. खरं सांगायचं तर मला त्यांचा थोडा रागही यायचा, कारण झाकलेली जखम ते दर सणाला उघडी करत होते.

चौथ्या वर्षी ते केडगावला एका वास्तुशांतीला गेले. मीही होतो. जेवणाची पंगत मांडली होती आणि व्याही मात्र ओसरीवर यजमानांच्या आजीशेजारी मांडी घालून बसलेले. पहिली पंगत उठली, दुसरी उठली, व्याही जागचे हलेनात. आजीबाई ज्यावर बसल्या होत्या तो एक जुना कॉम्प्युटर होता, वर गोधडीची घडी टाकलेला. म्हातारीला उठ म्हणणं बरं दिसत नव्हतं आणि ती उठेपर्यंत जागा सोडायची व्याह्यांची तयारी नव्हती. शेवटी आजीबाई पान खायला उठल्या आणि या गृहस्थांनी गोधडी उचलून खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. तरी हात लावण्याआधी निमंत्रणपत्रिकेच्या मागे चिठ्ठी लिहून त्यांनी आजीबाईंचा अंगठा घेतलाच.

नंबर जुळला.

त्या रविवारी मी शिरूरहून न्हावऱ्यावरून जाणाऱ्या एसटीने दौंडला गेलो. पाटी बदलली होती. व्याह्यांनी मला टेबलाशी बसवलं, डिस्क एका चालू कॉम्प्युटरला जोडली, विहीणबाईंची सही घेतली आणि बटण दाबलं. डिस्क घरघरली. तो आवाज मी सात वर्षांनी ऐकत होतो. पडद्यावर माझी फाइल दिसली, व्याह्यांनी ती उतरवून घेतली, मग दुसरी कुठली तरी घ्यायला गेले आणि डिस्क खट् करून थांबली. अकरा मिनिटं चालली होती. पुन्हा कधी चालली नाही. पण फाइल हातात आली होती. मी म्हटलं, "उघडा." त्यांनी उघडली आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं, टोप्या घातलेली, शेपट्या फुटलेली, चौकोन, प्रश्नचिन्हं, असा नुसता कालवा दिसला. एक अक्षर मराठी नाही. माझ्या त्या काळच्या मराठी टायपाची, म्हणजे फॉन्टची, फाइल वेगळी होती आणि ती मेलेल्या डिस्कमध्येच राहिली होती.

मी चपला घातल्या. व्याही मागून म्हणाले, "गुर्जी, आता घाबरू नका. आता हे निस्तं वाचायचं राह्यलंय."

आणि त्यांनी ते वाचलं. प्रत्येक ओळीच्या शेवटी गाव आणि तालुका असणार हे त्यांनी ताडलं. जे चिन्हांचं टोळकं सगळ्यात जास्त वेळा येतं ते 'शिरूर' असणार, म्हणून तिथून सुरुवात केली. कोणत्या शेपटीचा 'श', कोणत्या टोपीचा 'र', असा तक्ता त्यांनी एका जुन्या कॅलेंडरच्या मागे आखला. जोडाक्षरांनी फार छळलं त्यांना. "तुमच्या मराठीत येवढी अक्षरं येकमेकाच्या अंगावर का चढत्यात?" असं मला दरडावून विचारायचे. दिवसाला एक नाव, त्याहून जास्त नाही. संध्याकाळी सात वाजता माझा फोन वाजायचा.

"लिवा. हत्तीची टाच."

"हत्तीची टाच," मी म्हणायचो. मी परत म्हटल्याशिवाय ते पुढे जायचे नाहीत. रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसच्या फोनवर ऐकलेलं परत म्हणायचं असतं, असा नियम. मग ते विचारायचे, "कुठं हाय ह्ये? कुणी सांगितलं?" आणि मी सांगायचो. नाव कानावर पडलं की त्या दिवशीची सायकल, त्या गावचा पार, सांगणाऱ्या म्हाताऱ्याचे दात, सगळं समोर उभं राहायचं. व्याही दौंड सोडून फारसे कुठे गेलेले नाहीत. आमच्या गावांतलं एकही शेत त्यांनी पाहिलेलं नाही. पण ऐकायचे ते असं ऐकायचे, की सांगताना मला माझा वर्ग आठवायचा.

दोनशे-सव्वादोनशे नावं झाली असतील, तेव्हा जावई शिरूरला आले आणि त्यांनी माझ्या हातात कागदांचा गठ्ठा दिला. असल्या जुन्या अक्षरांचं नव्यात रूपांतर करणारं काहीतरी इंटरनेटवर असतं म्हणे. त्यांनी ऑफिसात बसल्या बसल्या दहा मिनिटांत सगळी फाइल मराठी केली होती. चौदाशे एकतीस नावं, स्वच्छ छापलेली. मी ती हातात धरून बराच वेळ बसलो. आनंद झाला, फार झाला. पण सात वाजायला आले तसं मी जावयांना म्हटलं, "हे दौंडला सांगू नका." तो गठ्ठा मी कपाटात चादरींखाली ठेवला. फोन वाजला, व्याह्यांनी नाव सांगितलं, मी ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं परत म्हटलं. आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "शाळेत पोरांना कॉपी करू दिली नाही कधी, आणि आता स्वतः करताय." मी तिच्याशी वाद घातला नाही.

असं दोन वर्षांहून जास्त चाललं. मग फोन उशिरा यायला लागले. एका नावाला दोन दिवस लागायचे, नावं चुकायला लागली. मला वाटलं कंटाळले असतील. मुलीनेच सांगितलं की त्यांना काचबिंदू झाला आहे, डोळ्यांसमोर धूर दिसतो आणि डॉक्टरांनी पडद्यासमोर बसायची सक्त मनाई केली आहे. तरी ते चोरून बसतात, कारण "गुर्जींचं काम आर्धं हाय."

मी दुसऱ्याच दिवशी गठ्ठा पिशवीत घालून दौंडला गेलो. ते पत्र्याच्या खोलीतच होते, टेबलाशी, काही न करता. मी सगळं कबूल केलं. कधीपासून माझ्याकडे होता, कसा लपवला, सगळं. त्यांनी गठ्ठा हातात घेतला, त्याचं वजन केलं, अंगठ्याने कडा चाळवली. मला वाटलं, साखरपुड्यासारखा आता चेहरा उतरणार. पण त्यांनी तो मला परत दिला.

"मंग आता तुमी फोन करायचा," म्हणाले. "सात वाजता. मी कुठं राह्यलो व्हतो ते बघून त्याच्या पुढचं."

तेव्हापासून फोन मी करतो. नाव वाचतो, ते परत म्हणतात, मी हकिगत सांगतो. डोळे आता जवळजवळ गेलेत त्यांचे. मुलगी म्हणते, हाताने चाचपून अजून खोडरबराने पट्ट्या घासत असतात.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी माझी पानं सरमिसळ झाली आणि जे नाव कधीच होऊन गेलं होतं तेच मी पुन्हा वाचलं. 'चांदणी.' त्यांनी ते परत म्हटलं आणि थांबले, मी पुढचं सांगावं म्हणून. मी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. कुठल्या गावाकडचं, कुणी सांगितलं, का म्हणत, काही नाही. कागदावरची ओळ वाचली तरी ती दुसऱ्या कुणी लिहिल्यासारखी वाटली. अलीकडे असं होतं माझं. चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, कधी कधी शेजाऱ्याचं नाव आठवत नाही. पण शेतं मी विसरेन असं मला वाटलं नव्हतं. मी घाबरलो. चांगलाच घाबरलो.

"आवो, चांदणी," पलीकडून व्याही म्हणाले. "वढ्याच्या पल्याडचं. तिथं मोटंला येक बैल व्हता, कपाळावर पांढरा ठिपका. त्यो मेला तवा मालकानं त्याला हिरीपाशी पुरला आन् सालभर तिथं नांगूर घातला न्हाई. सांगनारा गडी येका हातानं थोटा व्हता. तुमी त्याला च्या पाजला, तर म्हनला साखर जास्त टाक." मग म्हणाले, "तुमीच तर सांगितलं व्हतं मला. पार साल व्हऊन गेलं."

मी हातातलं पान खाली ठेवलं. त्याचा आवाज त्यांना ऐकू गेला असावा.

"इसरलं तर इसरू द्या, गुर्जी," ते म्हणाले. "मला समदी ठाव हायत. येकबी गेलेलं न्हाई."

फोन ठेवल्यावर मी रडलो, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही. जन्मभर मी पोरांना पाठ करून घ्यायला सांगत आलो. माझ्या वर्गात कधी न बसलेला, ते रान कधी न पाहिलेला आणि आता कधीच पाहू न शकणारा एक माणूस दौंडला अंधारात बसून माझ्या चौदाशे एकतीस शेतांवर राखण करतो आहे. दुसऱ्या दिवशी मी सात वाजायची वाट पाहिली नाही. सहालाच फोन लावला.